शेवटचा आकडा

शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत माझं फ्लेक्सचं दुकान.
दादांचे वाढदिवस, दहावीचे क्लास, द्राक्षांवरची औषधं,
नवी मिसळ, जुन्या माणसांना श्रद्धांजली,
सगळं एकाच मशीनमधून निघतं,
चौरस फुटाला बारा रुपये.

चर्चचं काम पहिल्यांदाच आलं.
पाळक कसबे, कमिटीतले भालेराव गुरुजी,
आणि पुण्याहून मार्केटिंग शिकून आलेला एलिशा,
लॅपटॉप छातीशी धरून.
तो म्हणाला, आधी टार्गेट ठरवू.
गुरुजी म्हणाले, माझा आजा डफ घेऊन
दिंडोरीच्या बाजारात उभा राहायचा,
भाजीच्या पाट्यांमध्ये. समोर येईल तो टार्गेट.
पाळक काही बोलले नाहीत.
टेबलावरच्या श्रद्धांजलीचे फोटो
एकेक उचलून बघत राहिले.

वचन घालू? नको, मजकूर कमी ठेवा.
क्रूस? कोपऱ्यात, लहान.
नेटवरचं एक हसरं कुटुंब लावून पाहिलं,
सोनेरी केसांचं.
गुरुजी म्हणाले, हे कुणाकडचे पाहुणे?

शेवटी पिवळ्यावर काळं:
झोप येत नाही?
बोलायला कुणी नाही?
फोन करा. कधीही.
खाली नंबर, मराठी आकड्यांत.
तो गुरुजींचा हट्ट.

द्वारका, मुंबई नाका, सिन्नर फाटा.
तीन आठवडे पाळक फोन उशाशी घेऊन झोपले.
एकदाच वाजला. कर्ज हवंय का, म्हणून.
रविवारी तेच चेहरे, त्याच बाकांवर.
एलिशानं लिहिलं, प्रतिसाद शून्य.
कमिटीत कुणी म्हणालं,
त्यापेक्षा पंखे बसवले असते.

चूक मलाच सापडली, बिल काढताना.
फॉन्ट बदलताना असेल, नाहीतर जेवायच्या घाईत,
शेवटच्या १ चा ९ झाला होता.
दोघांत फरक केवढा?
तोंड कुणीकडे वळलंय, एवढाच.

रात्री साडेदहाला मी तो नंबर लावला.
"बोला," पलीकडून आवाज. "ऐकतोय."
मी माफी मागायला लागले, तर म्हणाला,
"ताई, तुम्ही रडत नाही ना?
मग पाच मिनिटं थांबा, राउंड मारून येतो."

निवृत्ती बेंडकुळे. अंबडला
एका कंपनीच्या गेटवर नाइट वॉचमन.
"पहिल्या फोनला म्हटलं, रॉंग नंबर.
बाई म्हणाली, असू दे.
आता असू दे म्हटल्यावर कसा ठेवायचा?
रोज दोन-तीन येतात.
एक पोरगा आहे क्लासचा,
परीक्षेला किती दिवस राहिले ते माझ्याकडून मोजून घेतो.
निफाडचे एक बाबा
बायकोचं नाव घेतात नि गप्प बसतात.
मीपण बसतो.
मला काही येत नाही हो. गेटवर येतं तेवढंच,
कोण, कुठून, बसा."

मग विचारलं, ही जाहिरात कशाची आहे?
चर्चची, मी म्हटलं.
बराच वेळ नुसते रातकिडे.
"त्यांना तिकडं जायला सांगू का?
किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

मला माहीत नव्हतं.

सकाळी पाळकांना सगळं सांगितलं.
ते म्हणाले, त्यांचा नंबर दे.
तुम्हाला पाठच आहे, म्हटलं, फक्त शेवटी नऊ.
कमिटीनं बिलातून सहाशे कापले,
ते बरोबरच.
एकाचे तीन स्टिकर काढले,
दोन जाऊन चिकटवले.

सिन्नर फाट्याला शिडी पुरली नाही,
असं एलिशाला सांगितलंय.